स्वतःच्याच स्मरणार्थ

बाळांनो,

येत्या दोन-चार दिवसांत तुमच्या मोबाइलवर आपल्या चौकातला एक फोटो येईल. तुमची आत्या नागपुरात बसून सगळ्या नातलगांना फोटो वाटत असते आणि वाटण्याआधी स्वतः ते नीट पाहत नाही. तो फोटो आला की घाबरू नका, एकमेकांना फोन करू नका आणि तुमच्या बाबाला तर झोपेतून मुळीच उठवू नका. आधी हे वाचा. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. प्रस्तावना आधी आणि मजकूर नंतर, ही सवय आता या वयात सुटायची नाही.

तुम्ही अमरावतीला येता ते नेहमी डिसेंबरात. त्यामुळे आपला चौक तुम्ही फक्त झोपलेला पाहिलाय. मफलर गुंडाळलेले चहावाले, शेकोटी, आणि मधोमध तो मोठा कडुनिंब, एवढंच. पण शिवरात्र झाली की निंब पानं टाकायला लागतो. आठवडाभर सगळा चौक पिवळा. मग एका सकाळी बघावं तर फांद्यांना तांबूस, तुकतुकीत पालवी. त्याच सुमाराला रसवंतीवाले येतात. बांबू रोवतात, हिरवं कापड ताणतात, चरकाला घुंगरं बांधतात. टरबुजांचे ढीग पडतात. कूलरला लावायच्या गवती ताट्या रचल्या जातात, त्यांचा वास येतो. माठवाल्या बायका रस्त्याच्या कडेला तणस पसरून माठ मांडतात. होळीच्या आधी गाठ्यांच्या माळा लटकतात. आमच्याकडे वसंत ऋतू फार तर तीन आठवडे टिकतो, मग सरळ भट्टी पेटते. पण त्या तीन आठवड्यांत या चौकासारखी जागा मी लंडनातसुद्धा पाहिलेली नाही. लंडनात मी फक्त विमान बदललं होतं, हे खरं, पण तरी.

आणि हा चौक आपोआप जागा होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या वकीलसाहेबांना ओळखत नाही.

वकीलसाहेब आपल्या समोरच्या घरात राहायचे. वकिली त्यांनी कधीच सोडली होती. वकिलीनं मात्र त्यांना सोडलं नव्हतं. काळा कोट उन्हाळ्यातही अंगात, हातात छत्री, आणि निंबाखाली वेताची एक खुर्ची. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घराबाहेर यायची आणि ते जाहीर करायचे, “चला, कोर्ट बसलं.” मग टरबूजवाल्यानं कुठे बसायचं, माठवालीची सावली ताटीवाल्यानं अडवली की नाही, याचे निकाल त्या खुर्चीतून लागायचे. निकाल पटला नाही तर ते म्हणत, “आक्षेप नोंदवा आन् गप बसा.” कुणी नोंदवत नसे, कारण नोंदवायचा कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ते चौक ‘उघडत’. म्हणजे प्रत्येक माठावर बोटानं टकटक करायची, टरबुजाला कान लावायचा आणि तिन्ही रसवंत्यांवर एकेक ग्लास रस प्यायचा. त्यांनी ग्लास रिकामा केल्याशिवाय रसवंतीवाले पहिल्या गिऱ्हाइकाला रस देत नसत. मी एकदा त्यांना समजावलं, की ऋतू पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे बदलतात, त्यांच्या रस पिण्यामुळे नव्हे. ते म्हणाले, “म्याडम, आस तं बारा महिने कललेला हाय. मग रसवंती शिवरात्रीच्या आधी काहून येत नाई?” मी उत्तर तयार केलं. ते अजून तयार आहे. ऐकायला ते थांबले नाहीत.

मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले त्याला आता उभा जन्म झाला. तरी वकीलसाहेबांच्या मते मी पाहुणीच. “तुमची मराठी इस्त्री केलेली हाय म्याडम,” ते म्हणायचे. “घडी मोडन म्हणून तुमी बोलतच नाई.” माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्हाला आठवत असतील. काचेच्या बरणीत मीठ स्वच्छ दिसतंय, तरी त्यावर ‘मीठ’ अशी चिठ्ठी आहे, यावरून तुम्ही दोघं किती हसला होतात! वकीलसाहेब एकदा चहाला आले आणि ती बरणी बघून हसले मात्र नाहीत. गंभीरपणे म्हणाले, “बरं केलं. उद्या मीठ नाकबूल झालं तं पुरावा पायजे.”

त्यांचं खरं काम म्हणजे पाणपोई. ती त्यांच्या आईनं सुरू केली होती. निंबाच्या बुंध्याशी वाळू टाकून त्यावर मोठा रांजण, भोवती ओलं लाल कापड, वर पितळेचं झाकण. येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून पाणी द्यायचं, उभ्यानं कुणाला पिऊ द्यायचं नाही, हा त्या माउलीचा नियम. आई गेल्यावर वकीलसाहेबांनी तो नियम पाळला, फक्त उलटतपासणीची भर घातली. “कोठचे? अकोट? अकोटात कोनाचे? असे उभे काहून? बसा. पाणी पळून नाई जाऊन राहिलं.” तहानलेला माणूस आपली तीन पिढ्यांची माहिती देई आणि मगच भांडं तोंडाला लावी.

पण तिथला रांजण आईचा नव्हता. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वकीलसाहेबांचा धाकटा भाऊ अकोल्याला शाळामास्तर होता. आई गेली त्या वर्षी त्यानं तो रांजण उचलला. आई माझीही होती, मीही माझ्या दारात पाणपोई लावीन, असं म्हणून मेटॅडोरमध्ये टाकून घेऊन गेला. वाटेत मूर्तिजापूरजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि रांजणाला तडा गेला. त्यावर वकीलसाहेब चार लोकांदेखत त्याला असं काहीतरी बोलले, की दोघांमधलं बोलणंच बंद झालं. नंतर दिवाळी नाही, लग्न नाही, काही नाही. अकोल्याचं नाव निघालं की वकीलसाहेब म्हणत, “तिकडं सारा खारपाणपट्टा हाय. पाणीही खारं आन् माणसंही.” आणि अकोल्याची एसटी चौकातून वळली, की मान दुसरीकडे फिरवत. पण आधी एकदा सगळ्या खिडक्या बघून घेत. हे मी माझ्या गॅलरीतून पुष्कळदा पाहिलंय. तपासण्याची सवय मलाही आहे.

असेच एकदा माघ महिन्यात ते माझ्याकडे आले. म्हणाले, “म्याडम, पाणपोईवर बोर्ड लावाचा हाय.”

“छान. कोणाच्या नावाचा? आईच्या?”

“माह्या.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. स्मरणार्थ बोर्ड गेलेल्या माणसाचा असतो, हे मी त्यांना सभ्य शब्दांत सांगितलं.

“कोन्त्या कायद्यात लिवलं?” ते म्हणाले. “पोरगा बंगलोरले. थो लावन काय बोर्ड? थो ऑनलाइन हार पाठवन. आन् भाऊ...” त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “थ्याले तं कळनारही नाई मी मेलो म्हणून. कोन सांगन? म्हणून मीच लावून टाकतो. डोळ्यानं पाहून तं घेईन.”

आता खरं म्हणजे मी इथेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण ते बोर्ड घेऊन आले होते. पेंटरनं खडूनं अक्षरं आखली होती आणि सगळी एका बाजूला कलली होती. बाळांनो, तुमच्या आजीला वाकडी ओळ बघवत नाही. मी तो बोर्ड ताब्यात घेतला. ओळी मध्यावर आणल्या. भोवती काळी चौकट घातली, कारण काळ्या चौकटीनं मजकूर उठून दिसतो. रिकाम्या जागेत त्यांचा फोटो लावायचं मीच सुचवलं आणि फोटोही मीच निवडला: काळा कोट, ताठ मान, हसू नाही. खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. मग वाटलं, हात घातलाच आहे तर पाणपोईलाही थोडी शिस्त लावावी. म्हणून बाजूला दुसरी पाटी: ‘रांगेत या. शांतता राखा. बसून पाणी प्या.’ आधी मी सात सूचना लिहिल्या होत्या. वकीलसाहेबांनी त्यातल्या चार खोडल्या. म्हणाले, “म्याडम, मानूस तहानलेला हाय, परीक्षेले नाई बसून राहिला.”

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला. वकीलसाहेब सकाळी खुशीत आले, माठ वाजवले, टरबुजं ऐकली, तिन्ही रसवंत्यांवर रस प्यायले. पण वय झालं होतं आणि आदले दोन दिवस पुरणपोळ्यांत गेले होते. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा बदलला. “म्याडम, जरा कोर्ट सांभाळा,” एवढं बोलून ते छत्री विसरून घराकडे गेले. गेले ते परत येईनात.

मी पाणपोईवर उभी राहिले. सण म्हणून मी माझी पांढरी, स्टार्च केलेली साडी नेसले होते. खुर्ची रिकामी होती, तिच्या हातावर छत्री अडकवलेली. हारवाली मावशी आली, फोटोकडे बघून म्हणाली, “असा उघडा फोटो बरा नाई दिसत वं बाई,” आणि तिनं स्वतःच्या टोपलीतला झेंडूचा हार त्याला घातला. चहावाल्यानं उदबत्ती लावली, माश्या येऊ नयेत म्हणून. निंबाची फुलं बोर्डावर पडत होती. मला ते सगळं फार सुंदर वाटलं.

आणि मग चमत्कार झाला. लोक रांगेत यायला लागले! हो, अमरावतीत! एकामागे एक, न ढकलता. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. प्रत्येक जण बोर्ड वाचे, हात जोडे, खाली बसून पाणी पिई, उठताना माझ्याकडे बघून मान हलवी आणि निघून जाई. रांग हात जोडतेय हे पाहून टरबूजवाल्यानंही हाका मारणं थांबवलं. रसवंतीची घुंगरंसुद्धा जरा हळू वाजत होती. वकीलसाहेबांचे जुने पक्षकार आले, कोर्टातले दोघं-तिघं आले. आले आणि मुकाट रांगेत उभे राहिले. एक बाई तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुमी होत्या म्हणून सारं नीट झालं, म्याडम.” मीही नम्रपणे म्हटलं, “अहो, पाटी स्पष्ट असली की लोक ऐकतात.” त्या बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मला वाटलं, कौतुक असेल.

आयुष्यभर वर्गावर्गातून जे मला जमलं नाही, ते आज एका पाटीनं जमवलं, असं वाटून माझा ऊर भरून आला होता. घरी गेल्यावर यावर एक लेख लिहायचा, असं मी ठरवलंसुद्धा.

दुपारी अकोल्याची एसटी वळली. ती पूर्ण थांबायच्या आत तिच्यातून एक म्हातारा मास्तर उतरला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात घरातल्या चपला. रांग मोडून तो सरळ बोर्डासमोर आला. मी म्हणाले, “आपण रांगेत...” पण तो तिथेच मातीत बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून रडायला लागला.

मी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं धरलं. त्यानं ते घेतलं नाही. म्हणाला, “किती वाजता नेलं?”

“कोणाला?”

“दादाले. माह्यासाठी थांबले नाई काय कोनी? आमच्या गावच्या मानसानं सकाळी गाडीतून बोर्ड पायला. थ्यानं फोन केला तेवा मले कळलं.”

मी बोर्डाकडे पाहिलं. हार. उदबत्ती. काळी चौकट. रिकामी खुर्ची. पांढरी साडी. मुकी रांग. इतक्या वर्षांत मुलांच्या निबंधांमधून मी बारीकसारीक चुका शोधल्या. त्या सकाळपासून मात्र मी एका अंत्यदर्शनाच्या रांगेत शिस्त लावत उभी होते, आणि माझ्याशिवाय हे रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“अहो, ते घरी आहेत,” मी म्हणाले. “त्यांचं पोट बिघडलंय.”

मास्तरांनी मान वर केली. रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. “म्हंजे मेले नाईत काय?” मागून कुणीतरी विचारलं, आणि त्या आवाजात थोडी निराशा होती असं मला आजही वाटतं.

तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं. वकीलसाहेब छत्री शोधत येत होते. कोट नव्हता, नुसतं बंडी-धोतर. मातीत बसलेल्या माणसाला पाहून ते रस्त्याच्या मधोमध थांबले. मागची रिक्षा हॉर्न वाजवत राहिली.

“काहून रे?” शेवटी ते म्हणाले. “अकोल्याचं पाणी संपलं काय?”

मास्तर उठले. मला वाटलं आता गळामिठी होणार. पण मास्तर असे भडकले की बोलता सोय नाही. “दादा! लाज नाई वाटत? जित्या मानसाचा बोर्ड! मी मूर्तिजापूरपासून रडत आलो! पूर्ण एसटीनं पायलं मले!”

“मूर्तिजापूरपासूनच काहून? अकोल्यापासून काहून नाई?”

“अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तुमच्यावर राग होता मले!”

चौकात कुणीतरी हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी छत्री उचलली आणि तिची मूठ चाचपत उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मी खरंच गेलो असतो, तं आला असता?”

“आलो नाई काय?”

यावर वकीलसाहेबांकडे आक्षेप नव्हता. ते बुंध्याशी गेले, रांजणातून भांडं भरलं, भावापुढे धरलं. “बस. उभ्यानं नको पिऊ.” मास्तर बसले. प्यायले. भांडं खाली ठेवताना म्हणाले, “मायचा रांजण मी फेकला नाई. पाणी धरत नाई थो, पन माती धरते. थ्यात तुळस लावली.”

वकीलसाहेबांनी मान दुसरीकडे फिरवली. या वेळी एसटी वळत नव्हती.

रसवंतीवाल्यानं न सांगता दोन ग्लास आणले. वकीलसाहेबांना तर रसाचं नावही नको होतं. दोन्ही ग्लास मास्तर प्यायले. मग घुंगरं पुन्हा जोरात वाजायला लागली, टरबूजवाल्यानं हाक दिली, माझ्या रांगेचे क्षणात तुकडे झाले आणि लोक पूर्वीसारखे चारी बाजूंनी रांजणावर तुटून पडले. माझा विजय सकाळी सुरू झाला आणि दुपारी संपला.

बोर्ड काढा, असं मी सुचवलं. वकीलसाहेब म्हणाले, “राहू द्या. बोर्डानं काम चांगलं केलं.” पुढे थंडीत बोर्ड रांजणाबरोबर घरात जाई, म्हणून तुम्ही तो पाहिला नाही. दर वर्षी चौक उघडायला मास्तर पहिल्या गाडीनं अकोल्याहून यायचे. रस कुणी प्यायचा यावरून भावाभावांत वाद व्हायचे आणि ते ऐकायला लोक थांबायचे.

गेल्या वर्षीच्या आधीच्या थंडीत वकीलसाहेब खरोखर गेले. तुम्ही तेव्हा येऊन गेला होतात. तुम्हाला सांगायचं राहिलं. मी हारवालीला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्याडम, खरं सांगा हं.” कोर्टात फोन केला, तर तिकडून हसण्याचा आवाज आला. मास्तरांना कळवलं, तेव्हा तेही म्हणाले, “म्याडम, थो बोर्ड म्या कवाच वाचला.” या वेळी खरं आहे, असं मी सांगितलं. तेव्हा म्हणाले, “निघतो. थांबा म्हणा साऱ्याईले.” आम्ही थांबलो. बोर्डात मात्र काही बदलावं लागलं नाही. एकही अक्षर नाही.

आता पाणपोई मी बघते. मास्तर येतात, माठ वाजवतात. टरबुजाला कान लावणं मात्र माझ्याकडे आलंय. मला काही ऐकू येत नाही, पण चेहरा मी जाणकारासारखा ठेवते. रसाचे तीन ग्लास मीच पिते. पाटीवरच्या रांगेच्या आणि शांततेच्या सूचना पुसून टाकल्या. ‘बसून पाणी प्या’ एवढीच ठेवली.

आणि या होळीला आपला निंब असा फुलला, की मला वाटलं, माझ्यामागे या रांजणाला ओलं कापड कोण गुंडाळील? तुमचा बाबा टोरांटोला, आत्या नागपूरला फोटो वाटतेय. म्हणून मी पेंटरला बोलावलं. वकीलसाहेबांच्या नावाखाली एक ओळ मोकळी होती. मीच ती सोडली होती, समासासाठी. तिथे आता माझं नाव आहे. ओळ थोडी वाकडी आली आहे. मी तशीच राहू दिली. फोटो मात्र हसरा निवडला, तुमच्या बाबाच्या लग्नातला. हार घालू नकोस असं मावशीला बजावलंय, म्हणजे ती घालणारच.

तर तो फोटो हा. मी आहे. दुपारी भरलं वांगं खाल्लं, आणि मीठ शोधायला अजिबात वेळ लागला नाही.

पुढच्या वेळी डिसेंबरात येऊ नका. शाळा बुडाली तरी चालेल, हे मी शिक्षिका असून सांगते. शिवरात्रीनंतर या, निंब तांबडा असताना. एसटी स्टँडवरून सरळ चौकात या. वेताची खुर्ची दिसेल. ती रिकामी असली, तर लगेच रडायला लागू नका. आधी घरी येऊन पाहा.

चौकात रसवंत्या तीन आहेत आणि माझं पोट एकच.

तुमची,
आजी